उरलेल्या गोळ्या चुलीत टाकू नका

हे पत्र यवतमाळ जिल्ह्यातून आलं आहे. नाव-गाव छापू नका अशी विनंती आहे, म्हणून तालुकाही गाळते. लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या. नवरा सात वर्षांपूर्वी गेला. त्याच्या आजारपणातच यांनाही एचआयव्ही असल्याचं कळलं आणि जिल्ह्याच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातून, गोळ्या सुरू झाल्या. घरात सासू, दीर, जाऊ, जावेची मुलं आणि यांची दोन. सासूला अंदाज असावा, पण तो विषय घरात कोणी काढत नाही. पोट वेचणी-निंदणाच्या मजुरीवर. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत:

"गोळी रात्री नऊला घ्या म्हणून पहिल्या दिवशीच सांगतलं होतं. नऊ वाजता सारेच घरात राहतात. जाऊ इचारते, कायची गोळी व? मी सांगतलं रक्तवाढीची. तिले खरं वाटावं म्हणून आशाताईनं देलेली लाल गोळी बी संगच घेते. पण किती वर्षं रक्तच वाढवत राहू? मंग कधी राहून जाते. वेचणीच्या दिवसांत तं जेवता जेवता झोप लागते. नवरात्रात नऊ दिवस घेतच नाही, उपाशी पोटी गरम पडन म्हणून. माहेरी बाटली नेत नाही, पिशवीत खुळखुळ वाजते. महिन्याच्या शेवटी आठ-दहा गोळ्या उरतात. केंद्रावर मॅडम मोजतात, उरल्या तर साऱ्यांसमोर रागावतात. म्हणून जायच्या आदल्या रात्री उरलेल्या चुलीत टाकते आणि सांगते, एकही चुकली नाही. आता व्हायरल लोड जास्त आला. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर औषध बदलावं लागेल. पुस्तकात टीएलडी लिहिलं आहे. मी काय करू? आणि पोरगी नववीत गेली. तिनं बाटली पाहिली, काही बोलत नाही, नुसती माझ्याकडे पाहते. लहान्याची तपासणी झाली होती, तो चांगला आहे."

ताई,

पुढच्या तारखेला केंद्रावर जाल तेव्हा मॅडमना खरं सांगा. गोळ्या उरतात, महिन्याला आठ-दहा उरतात आणि मी त्या चुलीत टाकते, असं सरळ. खाली बरंच काही लिहिलं आहे, पण हे झालं नाही तर त्या बाकीच्याचा उपयोग नाही.

का ते सांगते. तुमच्या पोटात काय चाललंय हे डॉक्टरला तीनच गोष्टींवरून कळतं: तुम्ही काय सांगता, बाटलीत किती गोळ्या उरल्या आणि रक्ताचा रिपोर्ट. पहिल्या दोन गोष्टी म्हणतात सगळं बरोबर चाललंय, तिसरी म्हणते नाही. मग डॉक्टर काय समजणार? बाई रोज गोळी घेते आहे तरी विषाणू वाढतो आहे, म्हणजे औषध लागू पडत नाही. तुमच्या बाबतीत औषध नापास झालेलं नसावं, ते पोटात पोचत नाहीये. टीएलडी ही तुमची रोजची गोळी, तीन औषधं एकत्र असलेली. त्यातलं डोलुटेग्राविर हे औषध चिवट आहे, विषाणू त्याला सहजी पुरून उरत नाही. ही गोळी चालू असताना लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण, वाढला, तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं, गोळ्या चुकलेल्या असतात.

लोड १०००च्या वर आला की केंद्रावर ठरलेली पद्धत आहे. लगेच औषध बदलत नाहीत. तीन महिने समुपदेशन करतात, गोळ्या नीट चालल्या की पुन्हा रक्त तपासतात. तेव्हाही १०००च्या वरच असेल तर प्रकरण तज्ज्ञांच्या समितीकडे जातं आणि दुसऱ्या फळीच्या औषधाचा विचार होतो. म्हणजे तुमच्या हातात तीन महिने आहेत. ते 'एकही चुकली नाही' म्हणण्यात घालवले, तर नको असलेलं औषध पदरात पडेल. त्यात बहुधा गोळ्या जास्त आणि त्रासही जास्त. आणि आज एक गोळी लपवताना जीव मेटाकुटीला येतो, तर तीन-चार कशा लपवाल?

आता रागावण्याबद्दल. मी स्वतः बरीच वर्षं त्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसले आहे. बाहेर पन्नास-साठ माणसं, आत रजिस्टरांचा ढीग, आणि वरून विचारणा की तुमच्या केंद्राचे इतके पेशंट अनियमित कसे. चीड येते, खोटं सांगत नाही. पण रागावल्यानं गोळ्या चुकायच्या थांबत नाहीत, फक्त त्या चुकल्याचं आमच्यापासून लपतं. हे वाचणाऱ्या माझ्या समुपदेशक मैत्रिणींना सांगते: ज्या बाईच्या गोळ्या दर महिन्याला तंतोतंत बरोबर निघतात आणि लोड मात्र चढतो, तिला ओरडू नका. दार लावून घ्या आणि विचारा, 'बाई, उरलेल्यांचं काय करता?' पुष्कळशा बायका त्या प्रश्नाचीच वाट पाहत असतात.

ताई, तुम्हाला सगळ्यांसमोर बोलायचं नसेल तर 'मॅडम, मला एकटीला बोलायचं आहे' इतकं म्हणा. तेही तोंडून निघालं नाही तर तुमच्या पत्रातला तोच परिच्छेद कागदावर उतरवून त्यांच्या हातात द्या. त्या केंद्रावर बोलणं नकोसंच वाटत असेल तर १०९७ हा फुकट फोन आहे, नाव विचारत नाहीत. पण रक्ताचा रिपोर्ट ज्यांच्या हातात आहे, त्यांना खरं कळल्याशिवाय गत्यंतर नाही.

३० गोळ्यांतल्या आठ-दहा चुकणं म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा. महिन्याला एखादी राहिली तर चालवून घेता येतं. राहिली तर आठवेल तेव्हा घ्यायची आणि पुढची नेहमीच्या वेळी, एकदम दोन घ्यायच्या नाहीत. पण सलग नऊ दिवस खंड, मग चार दिवस चालू, मग पुन्हा दोन दिवस बंद, हे वाईट. बोंडअळीचं तुम्हाला मी सांगायला नको. बीटी कपाशीला गुलाबी बोंडअळी कशी सरावली आणि २०१७ साली आपल्या भागातली बोंडं आतून कशी पोखरून निघाली, ते तुम्ही वेचणी करताना हातांनी पाहिलं असेल. अंगात औषध अर्धवट असलं की विषाणूचंही तसंच होतं, ज्याला ते सोसतं तो जगतो आणि त्याचीच पिलावळ वाढते.

आता रात्रीचे नऊ. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ ती आहे, कारण त्या नऊ वाजण्याची आता गरजच उरलेली नाही. सात वर्षांपूर्वी तुम्हाला जी गोळी सुरू झाली त्यात बहुधा इफाविरेंझ होतं. त्यानं चक्कर यायची, डोकं जड व्हायचं, भलतीसलती स्वप्नं पडायची, म्हणून ती झोपताना घ्यायला सांगत. २०२०नंतर सरकारी केंद्रांवर हळूहळू टीएलडी आली. तुमची गोळी बदलली, पण वेळ तीच राहिली, कारण बदलता येते हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. टीएलडी दिवसात केव्हाही घेता येते, जेवून किंवा न जेवता. अट एकच, रोज साधारण त्याच वेळी.

मग ती अशा वेळी घ्या जेव्हा तुम्ही एकट्या असता. तुमचा दिवस मी इथे बसून काय सांगणार, पण पहाटे उठून पाणी भरायला जाता तेव्हा, नाहीतर वावरात पोचल्यावर शिदोरी झाडाला टांगता तेव्हा. जिथे जावेची नजर नाही आणि जी गोष्ट तुम्ही रोज न चुकता करता, तिथे गोळी बांधून टाका. घड्याळापेक्षा हे बरं. पाणी भरायचं कोणी विसरत नाही. रात्रीवरून पहाटेवर येताना एकदा दोन गोळ्यांमधलं अंतर कमी होईल, त्यानं काही बिघडत नाही. तरी मॅडमना सांगून करा, म्हणजे पुस्तकात नोंद राहील.

आणि ती लाल गोळी. जावेला खरं वाटावं म्हणून तुम्ही दोन्ही संगच घेता, हे वाचून मी कपाळाला हात लावला. लोह किंवा कॅल्शियमची गोळी डोलुटेग्राविरबरोबर रिकाम्या पोटी घेतली तर दोन्ही पोटात एकमेकांना धरून बसतात आणि औषध पुरेसं रक्तात उतरत नाही. म्हणजे ज्या रात्री तुम्ही गोळी घेतलीत, त्यातल्याही काही फुकट गेल्या असतील. लाल गोळी घ्या, तुम्हाला ती लागतच असेल, पण टीएलडी आधी आणि लाल गोळी निदान दोन तासांनी. लाल आधी घेतली तर मध्ये सहा तास जाऊ द्या. जेवणाबरोबर घेतल्या तर दोन्ही एकत्र चालतात. पित्तासाठी दुकानातून आणतो त्या चघळायच्या गोळ्या आणि पातळ औषध मात्र जेवणाबरोबरही नको, त्यांना तेच दोन आणि सहा तासांचं अंतर ठेवा. आता पहाटे टीएलडी आणि रात्री जावेसमोर लाल असं केलंत, तर तुमचं सोंगही टिकेल आणि औषधही लागू पडेल.

नवरात्राचे नऊ दिवस. उपाशी पोटी ही गोळी गरम पडत नाही. एखादीला पहिले काही दिवस मळमळतं, तसं झालं तर फराळाबरोबर घ्या. आणि औषधानं उपास मोडत नाही, हे तुमच्या सासूबाईही सांगतील. बीपीची, साखरेची गोळी घेऊन नऊ दिवस धरणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. तुमची गोळी त्याच रांगेतली आहे.

बाटलीचं. वरचं लेबल ओलं करून काढून टाकलंत तरी चालेल, पण सगळ्या गोळ्या दुसऱ्या डब्यात ओतू नका. आतली ती ओल शोषणारी पुडी गोळ्यांसाठी असते, तीही फेकू नका. आठवड्याच्या सात गोळ्या कागदात घट्ट गुंडाळून लहान, पक्क्या झाकणाच्या डबीत ठेवा, वाजणार नाहीत. माहेरी जाताना तेवढीच डबी पदराला असू द्या, जास्त दिवस राहणार असाल तर दोन आठवड्यांची. बाटली टिनाच्या छपराखाली, वरच्या फळीवर ठेवू नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या वर जातो, छपराखाली काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. खाली, भिंतीलगत, कोरड्या जागी, धान्याच्या कोठीमागे वगैरे.

आणि उरल्याच काही गोळ्या तर त्या सोबत घेऊन या. चार-सहा गोळ्या हाताशी शिल्लक असणं चांगलंच आहे. पुरात रस्ता बंद होतो, गाडी चुकते. २०२१-२२मध्ये एसटीचा संप महिनोन्‌महिने चालला, तेव्हा ज्यांच्याकडे शिल्लक नव्हती त्यांचे फार हाल झाले. कुठे अडकलात तर पुस्तक घेऊन जवळच्या दुसऱ्या एआरटी केंद्रावर जा, अडीअडचणीला थोड्या दिवसांच्या गोळ्या तिथे मिळतात.

खेपांचं मात्र गोड बोलून सांगत नाही. पुढचे तीन महिने तुम्हाला दर महिन्याला जावंच लागेल, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडेल. लोड खाली आला आणि तब्येत स्थिर असली की तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतात, म्हणजे वर्षाला चार खेपा. ते स्वतःहून मागा, न मागता मिळेलच असं नाही. तालुक्याच्या किंवा ग्रामीण रुग्णालयात लिंक एआरटी केंद्र, म्हणजे मोठ्या केंद्राशी जोडलेलं लहान केंद्र, असेल तर गोळ्या तिथूनही घेता येतात. तिकडे पाठवा म्हटलं की पाठवतात. पण तिथे ओळखीचे चेहरे भेटणार. पुष्कळ जण त्यासाठीच मुद्दाम लांबचं केंद्र धरतात आणि मी त्यांना दोष देत नाही. वर्षाला चारच खेपा होणार असतील तर लांबचंही परवडतं. तारखेला जमणार नसेल तर दोन दिवस आधी जा, नंतर नको. वेचणीच्या ऐन दिवसांत तारीख पडत असेल तर लिहितानाच सांगा.

एचआयव्ही असलेल्यांना एसटीत मोफत प्रवासाची सवलत आहे. पण ती घ्यायची तर कार्ड कंडक्टरला दाखवावं लागतं, आणि सकाळच्या पहिल्या गाडीचा कंडक्टर सगळ्या गावाला नावानिशी ओळखतो. तुम्हाला ते नको असेल तर मार्च २०२३पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यात आजाराचं काही दाखवावं लागत नाही. अर्धे पैसे जातील, पण गुपित राहील. तसंच संजय गांधी निराधार योजनेचं. त्यात एचआयव्हीसाठी महिना १५०० रुपये मिळतात, पण त्याच योजनेत निराधार विधवाही बसतात. तुम्ही विधवा म्हणून अर्ज करा, मग तलाठ्यापासून तहसीलपर्यंतच्या कुठल्याही कागदावर आजाराचं नाव येणार नाही. लाडकी बहीणचे १५०० आधीच मिळत असतील तर मात्र दोन्ही चालत नाहीत.

दिराला कळलं तर घराबाहेर काढेल, अशी भीती पत्रात एका ठिकाणी आहे. २०१७चा एचआयव्ही-एड्सचा कायदा सप्टेंबर २०१८पासून लागू आहे. राहत्या घरातून किंवा त्याच्या कुठल्याही भागातून तुम्हाला या कारणानं काढता येत नाही. तशी वेळ आलीच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईमाणसाला तिथे वकील फुकट मिळतो. पण कायद्याचा कागद हातात आहे म्हणून उद्या सगळ्यांना सांगून टाका, असं मी म्हणणार नाही. सांगायचं कोणाला आणि केव्हा, हे तुम्ही ठरवायचं. आशाताईलाही तुमच्या परवानगीशिवाय कोणी कळवू शकत नाही.

तरी घरातलं एक माणूस सोबतीला असलं तर फार फरक पडतो, हे मी पाहिलं आहे. मला विचाराल तर तुमच्या सासूबाई. ज्या बाईनं पोटचा पोरगा त्या आजारात जाताना पाहिला, तिला तुमच्या गोळीचा अंदाज नसेल हे मला पटत नाही. 'मामी, ही गोळी माझी चुकू देऊ नका' इतकंच म्हणून पाहा, आजाराचं नावही घेऊ नका. त्या काय म्हणतात त्यावरून पुढचं कळेल. बोलाचाली नसेल, त्या जावेच्या बाजूच्या असतील, तर हा सल्ला सोडून द्या. केंद्राशी जोडलेल्या विहान या मदत केंद्रावर हाच आजार असलेल्या बायका काम करतात, त्यांच्यातली एखादी रोज फोन करायला आनंदानं तयार होते.

एक तातडीची गोष्ट. लोड चढलेला असताना क्षयरोग पटकन गाठतो. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम यातलं काहीही असेल तर तारखेची वाट पाहू नका. दोन आठवडे खोकला असेल तर तपासा म्हणतात ते इतरांसाठी. तुम्हाला खोकला दोन दिवसांचा असला तरी सांगायचा. क्षयाची औषधं चालू झाली तर टीएलडीचा डोस बदलावा लागतो, म्हणून तिथल्या डॉक्टरांना तुमचं हे पुस्तक दाखवणं भाग आहे.

राहिली पोरगी. नववीतल्या पोरीनं बाटली पाहिली म्हणजे तिनं त्यावरचं इंग्रजी नाव वाचलं आणि घरात कोणाच्या तरी मोबाईलवर शोधलं असं धरून चाला. ती बोलत नाही, कारण तुम्ही बोलत नाही. तिच्या डोक्यात आत्ता काय चाललं असेल? बाप गेला, आता आई जाणार, हेच. तेव्हा तिला तुमच्या तोंडून कळू द्या. वावरातून येताना दोघीच असाल तेव्हा सांगा की बापाला उपचार उशिरा मिळाला, मला वेळेवर मिळतो आहे, रोज एक गोळी घेतली तर मी म्हातारी होईपर्यंत जगेन, तुझं लग्न पाहीन. एका ताटात जेवून, अंगाला अंग लागून हे होत नाही, हेही सांगा, शाळेत शिकवलेलं असलं तरी. गोळीची आठवण ठेवायचं काम मात्र तिच्यावर टाकू नका. तिनं आपणहून विचारलं, 'आई, घेतली का?' तर नाही म्हणू नका, पण तुमची गोळी ही तिची जबाबदारी नाही.

आणि लहान्याची तपासणी झाल्याचं तुम्ही लिहिलं आहे, तिची झाल्याचं पत्रात कुठेच नाही. ती तुमची थोरली. नवऱ्याच्या आजारपणाची धावपळ, पोरगी तेव्हा सात-आठ वर्षांची, दिसायला धडधाकट, म्हणून राहून गेली असेल. जन्मतः लागण झालेली मुलं कधी कधी दहा-बारा वर्षांची होईपर्यंतही ठणठणीत दिसतात. झालेली असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पुढच्या तारखेला तिला सोबत न्या. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, फुकट तपासणी होते, ती १८च्या आतली आहे म्हणून सही तुमची लागेल, आणि रिपोर्ट साधारण त्याच दिवशी हातात मिळतो.